मतदार ओळखपत्राची ऑनलाइन सेवा: कार्ड मिळतं हो, पण आधी यादीत नाव बघा

निवडणूक आयोगाचं मतदार पोर्टल आणि व्होटर हेल्पलाइन अ‍ॅप मी बरेच दिवस वापरतोय, स्वतःसाठी कमी आणि दुसऱ्यांसाठीच जास्त. शेजारच्या आजी, सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशी, कॉलेजला जाणारा भाचा, असे बऱ्याच जणांचे फॉर्म भरून दिलेत, त्यामुळे सविस्तर लिहितोय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी चांगलं सांगतो कारण चांगलं खरंच खूप आहे. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, की झालं लॉगिन. नवीन नाव नोंदवायला फॉर्म ६, पत्ता बदलला, नाव चुकलंय, कार्ड हरवलंय, या सगळ्याला एकच फॉर्म ८. दिव्यांग म्हणून नोंद करायची असेल तरी फॉर्म ८च. फॉर्म मराठीत भरता येतो. अर्ज केला की रेफरन्स नंबर मिळतो, त्यावरून अर्ज कुठवर पोचला ते कळतं, मग बीएलओ (आपल्या भागाची मतदार यादी बघणारे अधिकारी) पडताळणी करतात आणि प्लास्टिकचं कार्ड पोस्टाने घरी येतं. नवीन नोंदणीला सरकारी फी शून्य आहे, कुणी एजंट "फॉर्मची फी" म्हणून पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. अजून एक गोष्ट बऱ्याच पोरांना माहितीच नसते, १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, आणि १८ पूर्ण झाली का हे बघायला २०२२ पासून १ जानेवारीच्या एकाच तारखेवर अडकून राहायला लागत नाही, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर याही तारखा धरतात. भाच्याचा अर्ज असाच आगाऊ टाकला, काही त्रास नाही.

२५ जानेवारी २०२१ पासून ई-एपिक आलंय, म्हणजे कार्डाची पीडीएफ. मोबाईल नंबर नोंदीला जोडलेला असेल तर लगेच डाउनलोड होते, छान सोय आहे. पण एक लक्षात ठेवा, मतदान केंद्रात मोबाईल नेता येत नाही. म्हणजे फोनमधली पीडीएफ फोनमध्येच राहते आणि तुम्ही दारात. प्रिंट काढून ठेवा, नाहीतर खरं कार्ड न्या. इतकी साधी गोष्ट त्या डाउनलोडच्या बटणाशेजारी मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता ओळखपत्राच्या नियमाबद्दल, कारण खरा रिव्ह्यू तिथेच आहे. बरेच जण कार्ड सापडलं नाही म्हणून घरीच बसतात, बसू नका!! एपिक, म्हणजे मतदार कार्ड, नसेल तर आयोगाने बारा पर्याय दिलेत. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट तर आहेतच, पण मनरेगाचं जॉब कार्ड चालतं, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक चालतं, फोटोवालं पेन्शनचं कागदपत्र चालतं, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड चालतं. ही यादी बनवणाऱ्याने गरीब माणसाच्या घरात कुठला कागद असतो याचा विचार केलाय, आणि याबद्दल मला खरंच आदर आहे. ब्रिटनने २०२३ मध्ये फोटो ओळखपत्र सक्तीचं केलं तेव्हा साठीच्या वरच्यांचा बसचा पास चालत होता आणि तरुणांचं रेल्वे कार्ड चालत नव्हतं, आणि त्या वर्षीच्या पहिल्याच स्थानिक निवडणुकीत साधारण १४,००० लोक ओळखपत्रावरून परत गेले ते पुन्हा आलेच नाहीत, हा तिथल्याच निवडणूक आयोगाचा आकडा आहे. कुठला कागद चालणार हे ठरवताना कोण आत येणार तेही ठरत असतं, आपल्याकडची यादी त्या मानाने पुष्कळ मोकळी आहे.

तसंच कार्डावर नावाच्या स्पेलिंगची किरकोळ चूक असेल तर ती धरायची नाही, माणूस तोच आहे हे पटलं की बास, असा नियम आहे. दुसऱ्या मतदारसंघाचं जुनं कार्डसुद्धा ओळख म्हणून चालतं, फक्त त्या केंद्राच्या यादीत नाव पाहिजे. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तरी गुपचूप परत फिरू नका, केंद्राध्यक्षांकडे टेंडर मत मागा, कागदी मतपत्रिका मिळते. एक मात्र बदललंय, घरी येणारी मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखपत्र म्हणून एकटी चालत नाही. एका केंद्रावर एक बाई नुसती चिठ्ठी घेऊन आल्या होत्या, उन्हात रांगेत उभं राहून पुढे पोचल्यावर त्यांना घरी पाठवलं. चिठ्ठी नंबर शोधायला, ओळख पटवायला दुसरा कागद, हे गल्लीत प्रत्येकाला सांगा.

पण (आणि हे पण मोठं आहे) हे सगळं दाराचं झालं, खरी अडचण दाराच्या आधीच असते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम ६२ सांगतं की यादीत नाव नसेल तर मत नाही, मग खिशात तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या काळातलं १९९३ चं कार्ड असो नाहीतर कालचं ई-एपिक. कार्ड आहे म्हणजे मत आहे अशी समजूत मी शिकलेल्या लोकांमध्येही बघतो. कार्ड ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं तसंच असतं, यादी मात्र दरवर्षी बदलते.

बिहारमध्ये २०२५ ला हेच उघड दिसलं. यादीची विशेष पडताळणी झाली, २००३ च्या यादीत नाव नव्हतं त्यांच्याकडे कागद मागितले, त्या ११ कागदांच्या यादीत आधार नव्हतं आणि आयोगाने स्वतः दिलेलं मतदार कार्डही नव्हतं. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं वगळली गेली. मेलेले, कायमचे गेलेले, दोनदा नोंदलेले लोक त्यात होते असं आयोगाचं म्हणणं, आणि यादी साफ ठेवायला पाहिजे हे मलाही पटतं, पण मतदानाच्या दिवशी जे आधार चालतं ते या पडताळणीत चालत नव्हतं हे साध्या माणसाला कसं कळणार? सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर आधार बारावा कागद म्हणून धरलं गेलं, आणि तेही ओळखीपुरतंच, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नाही.

आपल्याकडे याचा फटका जास्त कुणाला बसतो ते फॉर्म भरताना दिसतं. एक म्हणजे लग्न झालेल्या मुली. मावशींच्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत, माहेरच्याच आडनावाने, मधलं नाव वडिलांचं, आधारवर मात्र सगळं सासरचं. फॉर्म ८ ने दोन्ही बदल होतात पण लग्नानंतर बँक, रेशन, गॅस यांच्या गर्दीत मतदार यादी कुणाला आठवते. पुरुषाला हे आयुष्यात करावंच लागत नाही.

आणि दुसरे आमच्या बीडकडचे ऊसतोड मजूर. नाव गावच्या यादीत, कार्ड व्यवस्थित, आधार आहे, कशात काही खोट नाही, आणि दिवाळी झाली की माणूस फडावर, दोनशे-तीनशे किलोमीटर लांब. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला होती, म्हणजे ऐन टोळ्या निघायच्या दिवसांत. परत यायचं तर मजुरी बुडते आणि भाडं पदरचं, उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) तर आधीच अंगावर असते. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये रिमोट मतदान यंत्र, म्हणजे गावी न जाता आहे तिथूनच आपल्या मतदारसंघासाठी मत देता येईल असं यंत्र, जाहीर केलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळता येतील असं, पण पक्षांनी विरोध केला आणि ते पुढे गेलं नाही. पक्षांच्या शंका असतील, त्या खुल्या चाचण्या घेऊन सोडवा ना, पण फडावरच्या माणसासाठी काहीतरी करा. ८५ च्या वरच्या आजीआजोबांसाठी घरी मतपेटी येते (फॉर्म १२डी, अधिसूचनेनंतर पाच दिवसांत भरायला लागतो), शेजारच्या आजींनी तसंच मत दिलं, म्हणजे मनात आणलं तर यंत्रणा माणसापर्यंत जाते.

रेटिंग: अ‍ॅप आणि पोर्टलला ४ स्टार, केंद्रावरच्या ओळखपत्राच्या नियमाला साडेचार, यादीच्या कारभाराला अडीच. हा रिव्ह्यू वाचून झाला की पोर्टलवर "यादीत नाव शोधा" मध्ये जाऊन घरातल्या प्रत्येकाचं नाव एकदा शोधा, सापडलं नाही तर १९५० ला फोन लावा आणि फॉर्म ६ टाका. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं नवीन नाव घेत नाहीत, आणि पडताळणीला वेळ लागतो म्हणून त्याच्या निदान दहा-बारा दिवस आधी अर्ज गेलेला बरा.