मका नको, सूप गरम द्या

आमच्या भिशीत सहा जणी, आणि सहाही जणींनी 'ताम्पोपो' निदान दोनदा पाहिलाय. १९८५चा जपानी सिनेमा, दिग्दर्शक जुझो इतामी. नवरा गेलेली एक बाई रामेनचं, म्हणजे सूपातल्या नूडल्सचं, बारकंसं दुकान चालवत असते, पण चवीत काही दम नसतो. एक ट्रकवाला तिथं जेवतो, तिला तसं स्पष्ट सांगतो, आणि मग उरलेला सिनेमाभर ती सूप शिकते. मधेमधे भलत्याच माणसांच्या खाण्याच्या गोष्टी येतात, ताटात डावीकडे वाढलेल्या चटणी-कोशिंबिरीसारख्या. माझ्या जाऊबाईंना त्यातली मरणाच्या दारातून उठून घरच्यांसाठी भात परतणारी आई बघवत नाही. ती आली की या पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जातात.

तर इथं इंदुरात विजयनगरकडच्या एका नव्या हॉटेलात रामेन मिळतं असं कळल्यावर या महिन्याची भिशी तिथंच ठेवली. (नाव लिहीत नाही, पोरं नवीन आहेत.) वाडगं ४२० रुपयांचं. आम्ही चौघी शाकाहारी, म्हणून त्यांनी मशरूमचं सूप, टोफू आणि वर मक्याचे दाणे असं दिलं. इंदूरच्या माणसाला मका दिसला की सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातला भुट्ट्याचा किस आठवतो. इथं तो आठवायला नको होता.

शेजारच्या काकूंनी सिनेमात रामेन कसं खायचं ते शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींसारखं सगळं रीतसर केलं. आधी वाडग्याकडे नुसतं बघत बसल्या, मग काड्यांनी सूपावरून हळूच हात फिरवल्यासारखं केलं. तिथं गुरुजी डुकराच्या मांसाचे काप बाजूला सारून त्यांची माफी मागतात, इथं काकूंनी टोफूला सांगितलं, "भेटू हं थोड्या वेळानं." वेटर धावत आला, "मॅडम, कुछ गिर गया क्या सूप में?"

पडलं काही नव्हतं. सूप कोमट होतं, एवढंच. नूडल्स वाडग्यात येईपर्यंत फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. अंडं मात्र झकास, आतला बलक मधासारखा. पण आमच्या कोपऱ्यावरचा पोहेवाला उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर परात ठेवतो. सहाला केलेले पोहे नऊला घ्या, जीव गार व्हायच्या आत चटका बसतो. वाफेची एवढी साधी गोष्ट ४२० रुपयांत का बसू नये?

सिनेमात शेवटची परीक्षा सोपी असते: गिऱ्हाइकानं सूप तळापर्यंत प्यायलं की नाही. आमची सहा वाडगी मी मोजली. एकच रिकामं, तेही जाऊबाईंचं. त्या तर आजाऱ्याची पेजसुद्धा टाकत नाहीत, तेव्हा तो मार्क धरत नाही.

निघताना आतून आचारी आला, पंचविशीचा असेल. "कैसा लगा?" सगळ्या गोड हसल्या. जाऊबाई म्हणाल्या, "भिया, सूप ठंडा था." मला वाटलं, आता सबबी सुरू होणार. त्यानं माझं अर्धं उरलेलं वाडगं उचललं, नवा चमचा घेतला आणि तिथंच उभ्याउभ्या एक घोट चाखला. तोंड वाकडं केलं. दुसराही घेतला.

पुढच्या महिन्याची भिशी तिथंच ठेवली आहे. मका वेगळा द्यायला सांगणार.