मुखपृष्ठ घ्यावं की आतलं चित्र?

'विअर्ड टेल्स' या भय-अद्भुत कथांच्या जुन्या अमेरिकन मासिकाच्या जमान्यातलं मूळ चित्र घ्यायचं म्हटलं की ओढा मुखपृष्ठाकडेच जातो. माझाही गेला. मार्गारेट ब्रंडेजबाईंनी १९३२ ते १९४५ या काळात त्या मासिकाची ६६ मुखपृष्ठं केली, तीही पेस्टलमध्ये, म्हणजे भुकटीच्या रंगीत खडूंनी. ती आपल्या खिशाबाहेरची, म्हणून मी त्याच धाटणीचं एक बिनसहीचं पेस्टल घेतलं आणि जोडीला आतल्या पानाचं एक शाईचं चित्र. दोन्ही वर्षभर एकाच भिंतीवर होती.

रंगाबद्दल वादच नाही. पाहुणे पेस्टलपाशीच थबकायचे.

पण आमचं न्यू जर्सीतलं घर लाकडी. मुलं जिन्यावरून धावली की भिंत हादरते. दोनेक महिन्यांत माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) खालच्या कडेवर गुलाबी भुकटीची बारीक रेघ दिसायला लागली. म्हणजे नायिकेचा गालच उतरत होता! भुकटी धरून ठेवणारा फवारा, म्हणजे फिक्सेटिव्ह, मारावा तर रंग काळवंडतात. काचेऐवजी हलकं ॲक्रिलिक लावावं तर ते स्थिर विजेनं भुकटी ओढून घेतं. शेवटी जड काच आली, ती चित्राला टेकू नये म्हणून आत पट्ट्या आल्या, आणि दार आपटलं की माझं लक्ष तिकडेच. ब्रंडेजबाईंनाही हे चुकलं नव्हतं म्हणा. १९३८मध्ये मासिकाचं कार्यालय शिकागोहून न्यूयॉर्कला गेलं, त्या शिकागोतच राहिल्या, आणि असली नाजूक चित्रं धाडणं जिकिरीचं झालं. पुढे त्यांची मुखपृष्ठं रोडावलीच.

शाईच्या चित्राचा असा काही जाच नाही. ऊन लागू दिलं नाही की झालं. (स्क्रॅचबोर्ड, म्हणजे खरवडून चित्र काढायचा लेप दिलेला पुठ्ठा, असेल तर वाकवू मात्र नका, वरचा थर तडकतो.) त्या मासिकाचा नावाजलेला चित्रकार व्हर्जिल फिन्ले याचं मिळालं तर सोनंच, माझं कमी नावाजलेल्या हाताचं आहे. पण स्वस्त, खरबरीत कागदावर छापताना जे ठिपके एकमेकांत मिसळून गेले, ते इथे सुटे मोजता येतात. समासात निळ्या पेन्सिलीनं छपाईची रुंदी लिहिलेली आहे, आणि राक्षसाच्या सहाव्या बोटावर पांढरा रंग फासलाय. चूक झाकलेली!

तुमची भिंत पक्क्या विटांची असेल तर कदाचित तुम्हाला पेस्टलच आवडेल. मी माझं विकलं. घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला म्हणा, चित्र उभं धरून मागून एक हलकी टिचकी मारा. त्याचा चेहरा बघा.