‘धिस कॉल इज नाऊ बीइंग रेकॉर्डेड’: गूगलच्या ‘फोन’ ॲपमधील संभाषण-मुद्रणाच्या (कॉल रेकॉर्डिंगच्या) सोयीचे परीक्षण

पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने मला दर महिन्याला असे दहा-बारा फोन करावे लागतात, ज्यांत समोरचा माणूस एखादी गोष्ट कबूल करतो आणि पुढच्या आठवड्यात ती साफ विसरतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात लिफ्टच्या ठेकेदाराने मला फोनवर सांगितले की, कंट्रोल पॅनेलमधील बिघडलेला भाग आठ दिवसांत बदलला जाईल आणि तो वार्षिक देखभाल करारातच धरलेला आहे. दीड महिन्याने त्या भागाचे वेगळे बिल आले, तेव्हा असे कुणी बोललेच नव्हते. कमिटीच्या बैठकीत माझ्याकडे माझ्या शब्दाखेरीज काहीही नव्हते. तेव्हापासून मी फोनमधील संभाषणाच्या मुद्रणाची, म्हणजे रेकॉर्डिंगची, सोय नेमाने वापरतो आहे.

माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये डायलर, म्हणजे फोन लावण्या-घेण्याचे ॲप, म्हणून गूगलचे ‘फोन’ हे ॲप आहे. समोरच्याने फोन उचलला की पडद्यावर मुद्रणाचे बटण उमटते. ते दाबताच दोन्ही बाजूंना इंग्रजीत घोषणा ऐकू येते की संभाषण आता मुद्रित होत आहे, आणि मुद्रण थांबवले की थांबल्याचीही घोषणा होते. सेटिंगमध्ये जाऊन, फोनबुकात नसलेल्या सर्व क्रमांकांचे किंवा निवडक क्रमांकांचे मुद्रण आपोआप व्हावे अशी व्यवस्था करता येते; मी ठेकेदार, पाण्याचा टँकरवाला आणि विमा प्रतिनिधी एवढेच निवडले आहेत. आवाज दोन्ही बाजूंचा स्वच्छ येतो, स्पीकर चालू ठेवून दुसऱ्या फोनवर धरलेल्या मुद्रणासारखा विहिरीतून आल्यासारखा वाटत नाही. फोन होल्डवर असताना किंवा तिसऱ्या माणसाला जोडून घेतल्यावर मात्र मुद्रण होत नाही, आणि व्हॉट्सॲपवरून केलेल्या फोनशी या बटणाचा काही संबंध नाही. आमच्या ठेकेदाराला व्हॉट्सॲप कॉल फार प्रिय आहे, हे येथे नमूद करून ठेवतो.

या ॲपबद्दलची सगळी कुरकुर त्या घोषणेभोवती फिरते. पत्नीच्या सॅमसंग फोनवर कंपनीचा स्वतःचा डायलर आहे. त्यात समोरच्याला काहीही ऐकू न जाता मुद्रण होते आणि फाइल थेट फोनमधील फोल्डरमध्ये सापडते. आयफोनवर ही सोय ऑक्टोबर 2024 मध्ये आयओएस 18.1 बरोबर आली, पण तेथेही घोषणा आहेच. बाहेरचे एखादे ॲप उतरवून घोषणा टाळू म्हटले, तर गूगलने मे 2022 पासून अपंगांसाठीच्या सुविधेचा आडमार्गाने वापर करून फोन मुद्रित करणाऱ्या ॲपना प्ले स्टोअरवर बंदी घातली आहे, त्यामुळे तो रस्ताही अरुंद झाला आहे.

आता कायद्याकडे वळतो, कारण ‘घोषणा होते म्हणजे कायद्यानेच ती बंधनकारक असणार’ असा समज आमच्या कमिटीत दोन वकिलांची घरे असूनही पक्का होता. भारतात स्वतःच्या फोनवरील, म्हणजे ज्या संभाषणात आपण स्वतः एक पक्ष आहोत अशा बोलण्याचे मुद्रण करायला मनाई करणारा सरसकट कायदा नाही. या विषयातला पाया घालणारा खटला आपल्या मुंबईतलाच आहे. 1964 साली मुंबईच्या कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) एका डॉक्टरकडे लाच मागितल्याच्या प्रकरणात, दुसऱ्या एका डॉक्टरच्या संमतीने त्यांच्या दूरध्वनीला टेपरेकॉर्डर जोडून पोलिसांनी कॉरोनरचे बोलणे टिपले. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये ती टेप पुरावा म्हणून ग्राह्य धरली. बोलणाऱ्यांपैकी एकाच्या संमतीने झालेले मुद्रण हा तेव्हा दूरध्वनीलाही लागू असलेल्या तार कायद्याचा (टेलिग्राफ ॲक्टचा) भंग ठरत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

त्याउलट, ज्या बोलण्यात आपण नाही ते टिपणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यात बेकायदा संदेश अडवण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मुलाच्या, सुनेच्या किंवा नोकराच्या फोनमध्ये गुपचूप ॲप बसवून देणाऱ्या मोबाइल दुकानदारांनी हे कलम भिंतीवर चिकटवावे, असे मला फार वाटते.

पती-पत्नींमधील बोलण्याचा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. छत्तीसगड उच्च न्यायालयाने 2023 मध्ये पत्नीचे बोलणे तिच्या नकळत टिपणे हा तिच्या खासगीपणाचा भंग मानला होता. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक दाव्यात असे मुद्रण पुरावा म्हणून वाचता येईल, असा निकाल दिला. पुराव्यात घेता येणे आणि ते पसरवायला मोकळीक असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाचे बोलणे टाकणाऱ्याला या निकालाचा आधार मिळणार नाही. शिवाय ज्यांची मुले कॅलिफोर्नियात किंवा जर्मनीत आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की त्या दोन्ही ठिकाणी खासगी संभाषण समोरच्याच्या संमतीशिवाय टिपणे हा गुन्हा आहे, आणि तेथून फोन करणाऱ्या मुलाला भारतातील सवय महागात पडू शकते.

फाइल हाती आल्यावर तिचे पुढे काय करायचे, यात ॲप काहीच मदत करत नाही, आणि माझ्या मते त्याची खरी उणीव हीच आहे. मुद्रण फोनमध्येच राहते, त्याची प्रत आपोआप कुठेही जात नाही. जुने मुद्रण सात, चौदा किंवा तीस दिवसांनी पुसून टाकण्याचा पर्याय दिलेला आहे. जागा वाचवण्याच्या नादात मी तो चालू केला आणि टँकरच्या दराबाबतचे एक महत्त्वाचे संभाषण गमावले. दोष सर्वस्वी माझा. तेव्हापासून प्रत्येक कामाचे संभाषण त्याच दिवशी संगणकावर उतरवून ठेवतो, मूळ फाइलला हात लावत नाही आणि नको असलेला भाग कापून ती ‘सुटसुटीत’ करत नाही.

याचे कारण न्यायालयीन आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवून दिले की मूळ उपकरण न्यायालयात आणले नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तो कसा व कोणत्या उपकरणातून मिळाला हे सांगणारे प्रमाणपत्र हवेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम 63 खाली या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत: पहिला पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा बोटांचा ठसाच. एक सेकंद कापला तरी तो बदलतो. आवाज ओळखता येणे, छेडछाड न झालेली असणे आणि बोलणे स्पष्ट ऐकू येणे या अटी तर 1985 पासून न्यायालयाने घातलेल्याच आहेत. मूळ फोन विकून नवा घेणाऱ्यांनी त्याआधी दोनदा विचार करावा.

गुपचूप मुद्रण हवे असलेल्या माणसाला, म्हणजे कुणी लाच मागत असेल, धमकी देत असेल किंवा कर्जवसुलीचा एजंट संध्याकाळी सातनंतर शिवीगाळ करत असेल त्याला, हे ॲप निरुपयोगी आहे. घोषणा ऐकताच समोरचा सभ्य होतो. रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांना सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई केलेली आहे, पण त्याचा पुरावा घोषणा करून मिळत नाही. अशा वेळी पत्नीचा फोनच कामी येईल.

संस्थेच्या कामासाठी मात्र मी घोषणेवर खूश आहे, हे कबूल केले पाहिजे. सुरुवातीला ठेकेदार ती ऐकून चिडला, एकदा त्याने फोनच ठेवून दिला. गेल्या महिन्यात दरवाजाच्या सेन्सरबद्दल फोन केला, घोषणा झाली, क्षणभर शांतता पसरली आणि मग तो म्हणाला, “साहेब, तारीख आत्ता तोंडी सांगत नाही, संध्याकाळपर्यंत ईमेल करतो.” ईमेल साडेसहाला आला, त्यात तारीख होती आणि काम करारात धरले असल्याचेही लिहिलेले होते.