सेव्हन-झिपचा बॅकअप: सगळं झ्याक, पण नावं उघडी!

सेव्हन-झिप म्हणजे फाईली एकत्र बांधून, दाबून, पासवर्ड लावून ठेवायचं सॉफ्टवेअर. वर्ष होत आलं बॅकअपला वापरायलोय, म्हणून लिहितो. क्लाउडला दर महिन्याला पैसे मोजायची आपली तयारी नाही, आणि घरात जुने पेन ड्राइव्ह ढिगानं पडलेत. सगळे फॅट-३२ ह्या जुन्या फॉरमॅटवाले, ४ जीबीच्या वरची फाईल घेतच नाहीत, म्हणून कमांडमध्ये -व्ही३९००एम टाकून ३९०० एमबीचे तुकडे पाडायचे. लातुरात लाईट कधी जाईल नेम नाही, कॉपी होताना ००३ नंबरचा तुकडा अर्धवट राहिला तर तेवढाच परत टाकायचा, बाकीच्यांना हात लावायचं काम नाही. ह्याच्यावर लई खूश.

पण एक गोष्ट डोक्यात जाते. माझं काम आडत दुकानदारांचे रिटर्न भरायचं. लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता, घ्यायला गेलो तर दुकानातलं पोरगं म्हणतंय, "काका, त्या शेठला नोटीस आली का हो?" फाईल त्याला उघडली नव्हती, नुसती यादी वाचली पठ्ठ्यानं! एईएस-२५६ चं पक्कं कुलूप लावलंय, पासवर्ड दिलाय, तरी फाईलींची नावं उघडीच, ती झाकायला -एमएचई=ऑन वेगळं लिहावं लागतं. आरं, मग पासवर्ड मागितला कशाला? आमच्या गुंजगोलाईच्या बाजारात अशी बातमी चहा यायच्या आत फिरून येते.

त्या रागात टार (फाईली एकत्र बांधणारं), जीपीजी (कुलूप लावणारं) आन् स्प्लिट (तुकडे पाडणारं) ह्यांच्याकडं वळलो. तिथं अख्खं टारच कुलपात जातं, नावांचा प्रश्नच नाही. महिनाभर तेच भारी वाटलं, पण मेहुण्याच्या विंडोजवर ते तुकडे जोडून उघडता उघडता नाकी नऊ आले आणि गुमान सेव्हन-झिपवर परत आलो. आता वाटतं, उगं जास्त शिव्या दिल्या, सेव्हन-झिपमध्ये त्याच्या ७झेडऐवजी साधा झिप फॉरमॅट घेतला तर नावं झाकायची सोयच नाही.

माझ्या सगळ्या स्कॅन केलेल्या पीडीएफ, त्या दाबून काय दबत नाहीत, म्हणून -एमएक्स=०, म्हणजे न दाबता, ठेवतो, म्हाताऱ्या लॅपटॉपवरपण झटक्यात होतं. फाईलींची यादी आर्काइव्हच्या, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्याच्या, शेवटी असते, तवा शेवटचा तुकडा हरवला की बाकीचे पेन ड्राइव्ह घेऊन बसा बोंबलत. मी कॉपी झाल्यावर सगळे तुकडे एका फोल्डरात आणून, सगळं धड आहे का तपासायला ७झेड टी ही कमांड मारतोच.

पाचपैकी चार. एक त्या -एमएचईपायी कापला, फुकट असलं म्हणून काय झालं. आणि कमांडमध्ये पासवर्डसाठीच्या -पी ला चिकटून पासवर्ड लिहू नका, कमांडच्या हिस्ट्रीत राहतो, मोकळं -पी टाकलं की ते स्वतःच विचारतंय.