शेरीफची हद्द की शहराचे पोलीस?

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात घर शोधणाऱ्या दोघातिघांनी हल्ली हाच प्रश्न विचारला. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, पण कुठल्याच शहरात न मोडणाऱ्या हद्दीतलं घर जरा स्वस्त मिळतंय, तिथे पोलिसांचं काम शेरीफकडे. पलीकडच्या गल्लीपासून शहर सुरू, तिथे शहराचे पोलीस. फरक पडतो का? मी चार वर्षं शेरीफच्या हद्दीत भाड्याने राहिलो आणि घर शहरात घेतलं, तेव्हा माझं मत थोडं झुकलेलं असणारच.

मुंबईचा नगरपालही शेरीफच, पण ते शोभेचं पद. इथला शेरीफ काउंटीचा तुरुंग चालवतो, कोर्टात बंदोबस्त ठेवतो, घर रिकामं करायच्या नोटिसा बजावतो, आणि यातून उरलेल्या माणसांत गस्त घालतो. शिवाय तो निवडून येतो. कॅलिफोर्नियात बहुतेक काउंटींत 2022 साली निवडून आलेल्या शेरीफना चारऐवजी सहा वर्षं मिळाली, कारण त्यांची निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षाला जोडली गेली. पुढची निवडणूक आता 2028 मध्ये. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मंडळींना त्या मताचा काय उपयोग? शहराचा पोलीसप्रमुख नेमलेला असतो, आणि नगर परिषदेच्या बैठकीत दोन मिनिटं बोलायला नागरिकत्व लागत नाही.

पण माझा निर्णय झाला तो एका शनिवारी. दारात उभ्या असलेल्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं. टपालाच्या पत्त्यात शहराचं नाव, म्हणून शहराच्या पोलिसांना फोन केला. पत्ता ऐकून बाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आमच्या हद्दीत नाही." मग शेरीफकडे. वीसेक मिनिटांत डेप्युटी आला, अतिशय सभ्य माणूस. कुणाला लागलंय का ते बघितलं आणि म्हणाला, रस्त्यावरच्या अपघाताचा रिपोर्ट हायवे पेट्रोल, म्हणजे राज्याचे महामार्ग पोलीस, लिहितात. जिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, त्या गल्लीला हायवे पेट्रोल! नियम तसाच आहे: काउंटीच्या शहराबाहेरच्या रस्त्यांवरची वाहतूक त्यांच्याकडे. दोष कुणाचाच नव्हता, तरी विमा कंपनीला रिपोर्ट नेमका कुठून आणून द्यायचा हे कळेपर्यंत तीन आठवडे गेले. वाकड-हिंजवडीकडे राहिलेल्याला 'हद्द' हा शब्द समजावून सांगायला नको. मला वाटलं होतं तो तिकडेच राहिला.

एरवी शेरीफच्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. रात्री शेजारच्या पार्टीचा गोंगाट थांबवायला ते लगेच आले होते, आणि शहरातले पोलीस त्यांच्यापेक्षा लवकर येतात असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

मधला मार्गही आहे. क्युपर्टिनो, सॅराटोगा, लॉस अल्टोस हिल्स ही शहरंच, पण पोलिसी काम सँटा क्लारा काउंटीच्या शेरीफला करारावर दिलेलं. ही पद्धत जुनी. 1954 मध्ये लॉस एंजेलिसजवळचं लेकवुड अशा करारांवरच शहर झालं. अशा करारावरच्या शहरांत अपघाताचा रिपोर्टही शेरीफचीच माणसं लिहितात, त्यामुळे माझी कटकट मुळातच मिटते. शाळांसाठी क्युपर्टिनो बघत असाल तर शेरीफच्या नावाने बिचकू नका. उलट टोक सनीव्हेलचं: 1950 पासून तिथे एकच खातं पोलिसांचं आणि अग्निशमनाचंही, माणसं दोन्ही कामांत तयार केलेली. मला ते भारी आवडतं, पण तेवढ्यासाठी कुणी घर घेत नाही.

काउंटीच्या तुकड्यातलं घर मनात भरलंच असेल तर जरूर घ्या. फक्त ऑफर देण्याआधी काउंटीच्या नकाशावर पत्ता टाकून बघा. पत्त्यातल्या शहराच्या नावावर आणि एजंटच्या "सेमच आहे हो"वर विसंबू नका. आणि तिन्ही कचेऱ्यांचे नंबर फ्रिजवर लावून ठेवा. आमच्या त्या भाड्याच्या घराचं अंगण मात्र आताच्या दुप्पट होतं, बायको अजून ऐकवते.