गच्चीला पांढरा रंग मारून घेतला, त्याचा हिशेब

नागपुरात मानेवाड्याकडे आमचं घर आहे, वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. दुपार कूलरपुढे बसून निभते हो. खरा त्रास रात्री साडेदहाला. पंखा लावला की वरची सगळी गरमी अंगावर. दिवसभर पिलेलं ऊन स्लॅब रात्रभर खाली सोडत राहतो. म्हणून मार्चमध्ये गच्चीला तो ऊन परतवणारा पांढरा रंग मारून घेतला. साडेसहाशे चौरस फूट, मजुरीसकट 18,000 रुपये. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.

आधी रंगाबद्दल. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यामुळे नोंदवही ठेवायची खोड आहे. शेजारच्या वहिनींची खोली अगदी आमच्यासारखी, तोच स्लॅब, तीच दिशा, फक्त गच्ची काळवंडलेली. दोन्हीकडे एकाच दुकानातली थर्मामीटरं टांगली आणि मे महिन्यात रोज रात्री दहाला, कूलर बंद ठेवून, आकडे लिहिले. बहुतेक रात्री त्यांच्याकडे 38 तर आमच्याकडे 35. तीन अंश ऐकायला काहीच नाही वाटत. पण नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पहिल्यांदा पलंगावर झोप लागली, गादी घेऊन फरशीवर यावं लागलं नाही. जूनमध्ये उमस सुरू झाल्यावर वहिनींचा कूलर नुसता चिकट हवा फेकत होता. रंगाला उमसेचं काही देणंघेणं नाही.

आता काम. ठेकेदार म्हणाला होता, "काकू, आधी वायर ब्रशनं घासू, भेगा भरू, प्रायमर, मग दोन हात." पोरं आली अकराला. झाडू मारला, पाइपनं पाणी सोडलं, झालं धुणं. मी चहा घेऊन वर गेले तर एक जण 20 लिटरच्या बादलीत मगानं पाणी ओतून राहिला होता. एक मग, दोन, तीन. चौथ्याला मी म्हटलं, काहून रे बाप्पा, ताक करून राहिला का? तो हसला आणि काठीनं ढवळत राहिला. दुसरा हात त्याच दिवशी चारला मारला, पहिला नीट वाळायच्या आधीच.

त्याचं फळ महिन्यात दिसलं. गच्चीवरून खाली आलं की तळव्यांना पांढरी पूड. कुरडया घालायला साडी अंथरली, तर साडीच्या मागे सगळा रंग उतरला. पाण्याच्या टाकीजवळची भेग तशीच राहिली होती, पहिल्याच पावसात खाली छताला ओल आली. फोन केला तर उत्तर, "ते तर आधीपासूनच होतं ना." पाच वर्षांची गॅरंटी म्हणे, पण ती बादलीवर छापलेली आहे, मजुरीची नाही.

मे महिन्यात बातम्यांत फक्त दुपारचा कमाल आकडा गाजतो. 2024 च्या मे महिन्यात रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवलं तेव्हा केवढा गहजब झाला, नंतर कळलं की सेन्सरच बिघडला होता. रात्री दहाला स्लॅबखाली किती, हे मात्र कोणी विचारत नाही. 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादनं 2013 मध्ये देशातला पहिला उष्मा आराखडा, म्हणजे उन्हापासून लोकांना वाचवायची शहराची योजना, केला, आपल्याकडे तो 2016 मध्ये आला. पाणपोई, ओआरएस हे सगळं हवंच, पण ते बाहेर फिरणाऱ्यांसाठी. आराखडा नव्यानं लिहिणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर पांढऱ्या गच्च्यांच्या कलमात दोन ओळी घाला: रंगात पाणी किती घालायचं, आणि दरवर्षी होळीनंतर गच्ची कोण धुणार. धूळ बसली की पांढरं पांढरं राहत नाही. आमच्या रस्त्याचं काम सुरू होतं तेव्हा पंधरा दिवसांत गच्ची मातकट झाली होती. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना 18,000 कुठून परवडणार, हेही लिहा.

वहिनींनी माझं बघून शहाणपणा केला. मे संपता संपता चुना आणला, त्यात फेव्हिकॉल घातला, दोन्ही पोरांना कुंचे दिले. खर्च दीड हजाराच्या आत. त्यांचा आकडा लगेच आमच्या आसपास आला. पावसात बराचसा वाहून गेला, पण दीड हजारात दरवर्षी मारता येतो.

रंगाला पाचपैकी चार, कामाला दीड. करायचं असेल तर फेब्रुवारीतच काढा, भेगा स्वतः उभं राहून भरून घ्या आणि बादली तुमच्यासमोर उघडायला सांगा. कुरडया पुढच्या वर्षी वहिनींच्या गच्चीवर वाळवू म्हणत होते, पण आता तिथंही चुना.