मिनरल फाउंडेशनची डबी काट्यावर ठेवली तेव्हा

"मॅडम, हे मिनरल आहे. केमिकल बिलकुल नाही," नागपूरच्या बर्डीतल्या मेन रोडवरचा दुकानदार म्हणाला. मी बारावीला केमिस्ट्री शिकवते. वाद न घालता मिनरल फाउंडेशनचा तो कॉम्पॅक्ट, म्हणजे दाबून बसवलेल्या पावडरची डबी, उलटा केला. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटक लिहिले होते आणि पहिलाच घटक टाल्क. यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहितात, म्हणजे डबीत सगळ्यात जास्त तेच. टाल्क हे खनिजच आहे, मॅग्नेशियमचे सिलिकेट, त्यामुळे दुकानदाराला खोटा म्हणता येत नाही. पण घरच्या साध्या टाल्कम पावडरमध्येही तेच असते. 9 ग्रॅम, 399 रुपये. घेतला, कारण मला तुलनाच करायची होती.

दुसरी डबी विदेशी, पुण्याच्या नणंदेने दिलेली, 8 ग्रॅम, 3,200 रुपये. तिसरी एका छोट्या देशी ब्रँडची, ऑनलाइन मागवलेली, 6 ग्रॅम, 840 रुपये. तिघांचीही नावे सांगत नाही, कारण तक्रारी आहेत आणि मुद्दा घटकांचा आहे.

मिनरल पावडरची ही लाट बेअरमिनरल्स या अमेरिकन ब्रँडने आणली. त्यांच्या मूळ सुट्या पावडरमध्ये पाचच घटक: टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, मायका (म्हणजे अभ्रक), बिस्मथ ऑक्सिक्लोराइड आणि आयर्न ऑक्साइड. पाणी नाही, म्हणून जंतू वाढायचा प्रश्न नाही आणि प्रिझर्व्हेटिव्हही लागत नाही. पुढे अनेकांनी थोड्याफार फरकाने हाच साचा उचलला. माझी विदेशी डबीही त्याच वळणाची आहे.

यातला बिस्मथ आमच्या पुस्तकातला जुना ओळखीचा. बिस्मथ क्लोराइड पाण्यात टाकले की पांढरा गढूळपणा येतो, तेच हे ऑक्सिक्लोराइड. कॉस्मेटिकमध्ये जाते ते कारखान्यात बनवलेले असते, आणि बिस्मथ धातू बहुतांश शिसे-तांब्याच्या शुद्धीकरणातून मिळतो. जाहिरातीत मात्र डोंगर, झरे आणि दगड दाखवतात. त्याचे गुण खरे आहेत: त्वचेला घट्ट चिकटते आणि मोत्यासारखी चकाकी देते. डिसेंबरात मला ही डबी फार आवडली. एप्रिलमध्ये मानेवाड्याहून ॲक्टिव्हावर, तोंडाला स्कार्फ बांधून कॉलेजला पोचले की घामाने गाल खाजायचे. स्टाफरूममधल्या मराठीच्या मॅडमनी तीच पावडर लावून पाहिली, त्यांना काहीच झाले नाही. म्हणजे हे सगळ्यांना होईल असे नाही. पण ज्यांना मिनरल मेकअपने खाज येते त्यांनी यादीत आधी बिस्मथ शोधावा, किंवा त्याचा रंगक्रमांक 77163. शिवाय चाळिशीच्या गालावर ती चकाकी उन्हात तेलकट दिसते, हे आरसा नाही, लेकीने सांगितले.

देशी डबीत बिस्मथ नाही. झिंक ऑक्साइड, सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट, थोडा टायटॅनियम, सिलिका, आयर्न ऑक्साइड. ते लांबलचक नाव म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला मायका. खाणीतल्या मायकापेक्षा जास्त स्वच्छ आणि एकसारखा, आणि झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात मायका वेचायला लहान मुले जातात, तो प्रश्नही त्यात येत नाही. झिंक ऑक्साइड आमच्या पोरांना सॉल्ट ॲनालिसिसमुळे, म्हणजे क्षार ओळखायच्या प्रॅक्टिकलमुळे, पाठ असते: तापवले की पिवळे, थंड झाले की पांढरे. घरातल्या कॅलामाइन लोशनमध्येही मुख्यतः हेच, आणि त्याचा गुलाबी रंग चिमूटभर आयर्न ऑक्साइडचा. म्हणजे ही डबी एका अर्थाने कॅलामाइनची कोरडी चुलत बहीण. घामोळ्याच्या दिवसांतही ही मला सोसते.

आता पैसे. ग्रॅमला भाव काढला तर विदेशी 400 रुपये, देशी 140, कॉम्पॅक्ट 44. इथेच बहुतेक जणी थांबतात आणि कॉम्पॅक्ट घेऊन घरी येतात. मी डब्या प्रॅक्टिकल लॅबच्या डिजिटल काट्यावर ठेवल्या, एक-एक महिना वापरायच्या आधी आणि नंतर. सरासरी निघाली ती अशी: विदेशी एका वेळेला 0.06 ग्रॅम, देशी 0.09, कॉम्पॅक्ट 0.15. रंगद्रव्य जास्त असले की थोडीशीच पुरते. एका वेळचा खर्च अनुक्रमे 24 रुपये, साडेबारा आणि साडेसहा. तरी कॉम्पॅक्ट स्वस्तच की! पण दुपारच्या लेक्चरपर्यंत तो स्कार्फला लागलेला असतो, परत लावावा लागतो, आणि साडेसहाचे तेरा होतात. देशी डबी संध्याकाळपर्यंत पूर्ण टिकते असे नाही, पण फिकट होते ती सगळीकडे सारखी, चट्टे पडत नाहीत. माझ्या हिशेबात तीच जिंकली.

काट्याने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. विदेशी डबीवर एसपीएफ 15, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळते त्याचा आकडा, छापला आहे. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम माल लावतात. चेहरा साधारण 400 चौरस सेंटिमीटर धरला तर 0.8 ग्रॅम लागेल, आणि मी लावते 0.06. तेवढी पावडर खरेच थापली तर गणपतीच्या मखरात बसवतील मला. म्हणून सनस्क्रीन खाली हवेच, विशेषतः वांग असेल तर. माझ्या गालांवर आहेत. वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतात, आणि तो अडवण्यात आयर्न ऑक्साइडची मदत होते, हे ऐकून मी या पावडरींकडे वळले होते. पण पावडर इतकी पातळ बसते की तिच्यावर विसंबता येत नाही. त्याच पैशात रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइडवाले सनस्क्रीन आधी घ्या, पावडर नंतर.

आयर्न ऑक्साइडवरून आठवले. "आमचे रंग नैसर्गिक मातीचे" असे कोणी सांगितले तर मी तरी घेणार नाही. जमिनीतल्या गेरूत आर्सेनिक, शिसे निघू शकते. मेकअपमधले आयर्न ऑक्साइड कारखान्यात शुद्ध बनवतात, आणि ते चांगलेच आहे.

रंगाच्या बाबतीत तिघांनीही निराश केले. विदेशीत आपल्या गव्हाळ रंगाच्या शेड गुलाबीकडे झुकतात, कॉम्पॅक्टमध्ये टायटॅनियम जास्त असावे, चेहरा राखेरी दिसतो. देशीत पिवळा ऑक्साइड पुरेसा आहे, पण मे महिन्यात जी शेड जमली ती जानेवारीत काळपट वाटली. मी दोन शेड घेऊन मिसळते. त्यांची अर्ध्या ग्रॅमची सॅम्पल पाकिटे मिळतात, तीच आधी मागवा. अर्ध्या ग्रॅममध्ये पाच वेळा आरामात होते.

तक्रार एकच, पण मोठी: देशी डबीच्या जाळीची भोके फार मोठी. झाकण उघडले की निम्मी पावडर झाकणात आणि थोडी नाकात. अशी पावडर श्वासात जाऊ नये, म्हणून पंखा बंद करून लावते, आणि नागपूरच्या मे महिन्यात पंखा बंद करणे काय असते ते सांगायला नको. कंपनीला कळवले आहे, लहान भोकांची जाळी करतो म्हणाले. तोपर्यंत मी जाळीवर सेलोटेप लावून त्याला टाचणीने भोके पाडली आहेत.